किट पंधरा मिनिटांत संपलं, आता सुट्टी कशी काढायची?

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली आहे. मी घरूनच ऑफिसचं काम करते. मागच्या सुट्टीत सहाशे रुपयांचं क्राफ्टचं किट आणलं, ते पंधरा मिनिटांत संपलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून फुलदाणी करायला घेतली, तर लेक रडायला लागली, 'त्यांच्यासारखी होत नाहीये' म्हणून. धाकट्याने डिंक सोफ्याला पुसला. सासूबाई म्हणाल्या, हा पसारा कशाला? मला स्वतःला चित्रकला-हस्तकला काही येत नाही. बाजारातून पुन्हा काही आणायचं नाही असं ठरवलंय. घरात आहे त्यात, या दोघांना घेऊन, काय करता येईल?"

ताई, तुमच्या पत्रात दोन्ही मुलांचं वागणं इतकं नीट लिहिलंय की अर्धं उत्तर त्यातच आहे.

किट पंधरा मिनिटांत का संपलं? तुकडे आधीच कापलेले होते, रंग ठरलेले होते, कुठे काय चिकटवायचं तेही छापलेलं होतं. मुलीला ठरवायला काही उरलंच नव्हतं, फक्त चिकटवायचं होतं, आणि ते तिने केलं. व्हिडिओचं दुखणं वेगळं. तिथे झालेली वस्तू आधी दिसते, मग कृती. म्हणजे पहिल्या मिनिटापासून तिची फुलदाणी कुणाच्या तरी फुलदाणीशी ताडली जाते. नऊ वर्षांच्या मुलीची नजर हातापेक्षा पुढे गेलेली असते. काय बिघडलंय ते तिला बरोबर दिसतं, ते सुधारायची सफाई अजून बोटांत आलेली नसते. ती हट्टी आहे म्हणून रडली नाही, तिला खरंच वाईट वाटलं.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं कार्यानुभवाचा तास माझ्याकडे असायचा. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. मुलांकडून काहीही करून घेताना आधी विचारायचं, ही वस्तू झाल्यावर घरात कुठे राहणार आणि काय काम करणार? उत्तर "शोकेसमध्ये" असेल तर ती वस्तू दोन दिवसांत धूळ खाते आणि मुलांनाही ते कळतं. पण उत्तर "दारात टांगायची" किंवा "लसूण ठेवायला" असेल, तर मुलं त्या कामाकडे वेगळ्याच गंभीरपणे बघतात. वस्तू घराच्या कामाची असली की ती व्हिडिओसारखी दिसते की नाही हा प्रश्न आपोआप मागे पडतो. टोपलीने लसूण धरला की टोपली झाली.

आणि तुमच्या सुदैवाने सुट्टी दिवाळीची आहे. या दिवसांत घराला खरोखर काही वस्तू लागतात.

सुरुवात खळीपासून करा. डिंकाची बाटली सोफ्याजवळ नकोच. पोह्याच्या चमच्याने दोन चमचे मैदा घ्या, तो थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायचं काम धाकट्याला द्या. एक वाटी पाणी उकळत ठेवा आणि कालवलेला मैदा त्यात बारीक धारेने ओतत ढवळा. हे मात्र तुम्ही करायचं. आधी ते दुधासारखं दिसतं, मग एकदम दाटतं आणि त्याला काचेसारखी चकाकी येते. चमच्याच्या पाठीला चिकटून राहिलं की गॅस बंद. गार झाल्यावर मुलांना बोटानेच लावू द्या. ब्रश लागत नाही, सोफ्याला लागली तर ओल्या फडक्याने निघते, पाच वर्षांच्या मुलाने चाटली तरी घाबरायचं कारण नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्यायची. पूर्वी पतंगवाले आणि पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. सासूबाईंना ते आठवत असेल आणि त्या सुचवतीलही, पण मोरचूद विषारी असतं, मुलांच्या खळीत ते घालू नका.

आता कंदील. घरात जुना खराटा आहे का? त्यातले लांब, सरळ हीर काढून घ्या. मुलीला सांगा, वीतभर लांबीचे तुकडे कर, चार-चार हिरांची एक जुडी दोऱ्याने बांध, अशा बारा जुड्या. चार जुड्यांचा एक चौकोन, दुसऱ्या चारांचा दुसरा, आणि उरलेल्या चार उभ्या बांधून दोन्ही चौकोन जोडायचे. खोका तयार होतो. तो हातात घेतला की डुगडुगतो, एका बाजूला झुकतो. इथे तुमची लेक रडवेली होण्याची शक्यता आहे, म्हणून हा भाग आधीच नीट समजून घ्या.

चौकोन डुगडुगणारच. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधा, कोपऱ्यातून दाबला की तो शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र होत नाही. मुलीला आधी हे दोन्ही करून दाबून बघू द्या. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे जोडून हेच दाखवायची सुंदर युक्ती अरविंद गुप्ता यांनी देशभर शिकवली. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करत बसला, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्याकडे व्हॉल्व्ह ट्यूब नसेल तर दोऱ्याची गाठ पुरते. मुद्दा एवढाच, की खोका डुगडुगतोय तो तिच्या हाताचा दोष नाही, चौकोनाचा स्वभाव आहे. हे तिला आधी कळलं की ती रडत नाही, उपाय शोधते.

उपायही कंदिलातच आहे. वरच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना फुलीसारखे दोन दोरे ताणून बांधायचे. चौकोनाचे त्रिकोण झाले, वरचा भाग ताठ झाला. कंदील टांगायचा तोही याच फुलीतून. खालच्या चौकोनालाही तशीच फुली बांधा. मग चारी बाजूंना कागद चिकटवायचा. खळ वाळली की कागद ताणला जातो आणि सगळा सांगाडा घट्ट होतो. ज्या क्षणी तो डुगडुगायचा थांबतो ना, तेव्हा मुलीचा चेहरा बघा.

कागद विकत आणायचा नाही म्हणालात, तर साधा पांढरा कागद घ्या. तो चिकटवून वाळला की कापसाचा बोळा खाण्याच्या तेलात बुडवून, पिळून, कागदावर हलकेच फिरवा. वड्याचा कागद तेलाने कसा आरपार दिसायला लागतो, तसाच हाही होतो आणि आतला उजेड छान पसरतो. क्रम चुकवू नका. आधी तेल लावलं तर खळ धरत नाही. खालच्या झिरमिळ्यांना घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापा. सोनेरी, लाल, कडक कागद असतो तो, आणि प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतोच. आत साधा एलईडीचा छोटा दिवा. पणती किंवा मेणबत्ती या कंदिलात अजिबात नाही. चपट्या गोल सेलवर चालणारे बारके दिवे मिळतात, तेही पाच वर्षांच्या मुलाच्या हाताशी नकोत. तो सेल गिळला गेला तर जीवावर बेततं.

मला एक प्रसंग सांगायचाय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला. चौथीचा वर्ग होता, दिवाळीआधी सगळ्यांनी कंदील केले होते. एका मुलाचा फार वेडावाकडा झाला होता, एक बाजू लांब, कागद सुरकुतलेला. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेब येणार होते. मधल्या सुट्टीत मी त्याचा कागद सोडवला, काड्या सारख्या केल्या, नवा कागद लावला. फार तर वीस मिनिटं लागली. सुट्टी लागायच्या दिवशी सगळी मुलं आपापले कंदील घेऊन गेली, तो एकटा तसाच निघाला. मी हाक मारली, "अरे, तुझा राहिला." तो म्हणाला, "तो माझा नाही बाई, तुमचा आहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरं तेच तो सांगत होता. तो कंदील दिवाळीनंतरही वर्गातल्या खिळ्याला लटकत होता आणि रोज माझ्या नजरेला पडत होता.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मुलांच्या हातातलं काम आपल्या हातात घेऊ नका. शेवटचा हातही फिरवू नका. मुलगी अडली तर "छान झालंय गं" असंही म्हणू नका, छान झालेलं नाही हे तिला दिसत असतं आणि मग तुमच्या शब्दावरचा तिचा विश्वास जातो. "कुठे अडलंय ते बोटाने दाखव," म्हणा. तिने बोट ठेवलं की अख्खा कंदील वाईट राहत नाही, एक कोपरा ढिला असतो. ढिला कोपरा पुन्हा बांधता येतो.

आणि तुम्हाला काही येत नाही ही या घरातली फार मोठी सोय आहे. तुमच्या वाटणीच्या बारा जुड्या घ्या आणि शेजारी बसून तुमचा स्वतःचा कंदील करा. तुमच्याही गाठी सुटतील, तुम्हीही पुन्हा बांधाल. मोठं माणूस चुकतं आणि गाठ सोडून परत बांधतं, हे तिने अजून बघितलेलं नाही. व्हिडिओत ते कापून टाकलेलं असतं.

धाकट्यासाठी वेगळं काहीतरी हवं, कारण कंदिलाच्या गाठी त्याला जमायच्या नाहीत आणि बहिणीच्या कामात लुडबूड सुरू होईल. त्याला हळद द्या. चमचाभर हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून कापसाने कागदभर फासू द्या. कागद वाळला की पिवळाधमक होतो. मग दुसऱ्या वाटीत साबणाचं पाणी किंवा खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, आणि त्यात बुडवायला कानातल्या कापसाची काडी. पिवळ्यावर रेघ ओढली की ती लालभडक उमटते. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि डागाला साबण लावला की तो लाल होतो, ते तुम्ही शंभरदा बघितलंय, तेच हे. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायचे तेही याच गुणामुळे. वर लिंबाचा थेंब टाकला की लाल पुन्हा पिवळं होतं, म्हणजे खोडरबरही मिळालं. पाच वर्षांच्या मुलाला हे जितके वेळा करू द्याल तितके वेळा तो करतो, माझा अनुभव तासाभराचा आहे. जुना टी-शर्ट घालून बसवा, हळद कपड्यावरून सहज जात नाही. या कागदांचं काम काय? दिवाळीला फराळाचे डबे शेजारीपाजारी जातात, त्या प्रत्येक डब्यावर एक कागद. ते डबे द्यायलाही त्यालाच पाठवा.

रविवार किल्ल्याला ठेवा आणि तो मुलांच्या बाबांकडे सोपवा. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण माती वाहून आणायला आणि विटा रचायला कुणीतरी लागतंच. सोसायटीच्या आवारात कोपरा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाल्कनीत जुनं प्लास्टिक अंथरून त्यावर. विटा नसल्या तर पुठ्ठ्याचे खोके उतरंडीसारखे रचा, त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून पसरा. ओलं गोणपाट खोक्यांवर पडलं की त्याला आपोआप डोंगराच्या सोंडा आणि घळी पडतात, त्या कुणाला घडवाव्या लागत नाहीत. नुसता "किल्ला" करू नका, एखादा खरा किल्ला निवडा. माझी शिफारस राजगडाची. रायगडाआधीची महाराजांची राजधानी, आणि आकार मुलांच्या लगेच लक्षात राहतो, मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. एक माची मुलीची, एक मुलाची, एक बाबांची. कुणाची कशी झाली यावर भांडण होत नाही, कारण गडावरही तिन्ही वेगवेगळ्याच आहेत.

किल्ल्यावर आळीव पेरायचे. डब्यात असतीलच, नसतील तर मोहरी. आळीव भिजले की बुळबुळीत होतात आणि उभ्या उतारावरही चिकटून बसतात, म्हणून किल्ल्याला तेच बरे. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत हिरवंगार होतं. म्हणजे वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरायला हवेत. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची जबाबदारी धाकट्याची. ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, नाहीतर तटबंदी वाहून जाते. गडाच्या पायथ्याशी तो स्वतःची लाल मोटार ठेवेल. ठेवू द्या.

आता सासूबाई. त्या पसारा म्हणाल्या, यात मला विरोध दिसत नाही. या कामात त्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढंच दिसतं. त्यांना रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या आठवतात का, विचारा. गावाकडे पाटीभर रद्दी भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून बायका अशा टोपल्या करत, आणि त्यात वर्षानुवर्षं धान्य, शेवया, पापड ठेवत. आठ-दहा वर्तमानपत्रांचे कागद फाडून बादलीत दोन दिवस भिजवायचे. फाडायचं काम दोन्ही मुलांना मनापासून आवडतं. अर्धी वाटी मेथ्या रात्रभर भिजवून वाटायच्या. कागद पिळून, कुटून किंवा मिक्सरला थोडं थोडं पाणी घालून फिरवून घ्यायचा आणि मेथ्यांच्या चिकट वाटणात कणकेसारखा मळायचा. मग एक पातेलं पालथं घालून, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून, लगदा बोटभर जाडीचा थापत जायचं, भाकरी थापतात तसा तळहाताने. कडेला पातळ झाला तर तिथे तडा जातो. सावलीत एक दिवस, मग उन्हात तीन-चार दिवस. पूर्ण वाळल्याशिवाय पातेल्यावरून काढायची घाई करू नका. निघाली की आतून-बाहेरून खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. रंग द्यायचा असेल तर कुंडीसाठी आणलेला गेरू घरात असतो, त्यावर तांदळाच्या पिठीचं पांढरं पाणी आणि काडीने ठिपके.

हे काम मला सगळ्यांत आवडतं, कारण ते एका बैठकीत होतच नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं, बाकी वेळ कागद भिजतोय किंवा ऊन काम करतंय. तुम्ही मीटिंगमध्ये असताना आजी आणि नातवंडं थापत बसतील. मेथीचा वास घरभर येतो, आठवडाभर राहतो, ते आधीच सांगून ठेवते. झालेल्या टोपलीत काय ठेवायचं ते आजींनी ठरवावं. स्वयंपाकघरात ती त्यांच्या हाताशी राहू दे.

पसाऱ्याचं एकच सांगते. जमिनीवर एक जुनी चादर अंथरायची, काम चादरीच्या आतच. संपलं की चारी कोपरे उचलून बाहेर झटकायची, म्हणजे केर काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रोज करायलाच हवं असंही नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी पाऊण तास पुरे. मधल्या दिवशी मुलं "कंटाळा आला" म्हणतील, म्हणू द्या, त्याच दिवशी ती चादर स्वतःहून अंथरतात. आणि कागदाच्या नळ्या, डबे, बाटल्या "उपयोगी पडतील" म्हणून साठवत बसू नका. एक बुटाचा खोका ठेवा, तो भरला की नवं आत यायचं नाही. कात्री बोथट टोकाची, स्टेपलर धाकट्यापासून लांब.

तर आजच खराटा शोधा आणि कागद भिजत घाला. आळीव पेरायचा दिवस कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्या. कंदील टांगण्याआधी मुलीला त्याच्या आतल्या एका काडीवर पेनने साल लिहू द्या. तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला की कागद काढून टाका, सांगाडा मात्र कपाटावर जपून ठेवा. पुढच्या वर्षी गाठी धाकट्याला शिकवायला ती आहेच.